‘करू नका’ न म्हणणारा सल्ला

ऑगस्ट २०१५ च्या अंकात ‘अल्यूर’ या अमेरिकन सौंदर्यमासिकाने वाचकांना अफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुललेल्या कुरळ्या केसांची रचना, कशी करायची ते शिकवलं. केस सरळ असले तरी हरकत नाही, तुम्हालाही जमेल, असं आश्वासन शीर्षकातच होतं. छायाचित्रात गोरी अभिनेत्री होती. त्यावर कृष्णवर्णीय वाचक भडकले. आमची केशरचना उचलली आणि आमचं नावही घेतलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो रास्तच होता. पण ते पान सल्ला म्हणून वाचलं की आणखी एक गोष्ट खटकते. अफ्रो हा ज्या केसांचा जन्मजात आकार आहे, ते केस धुवायचे कसे, विंचरायचे कसे, हे विचारणाऱ्या बाईसाठी ते पान नव्हतंच. तिचं डोकं तिथे फक्त ‘लुक’ म्हणून आलं होतं.

त्याच्या आठच वर्षं आधी, २००७ मध्ये, ‘ग्लॅमर’ मासिकाच्या एका संपादिकेने न्यू यॉर्कमधल्या एका बड्या वकिली कंपनीत महिला वकिलांना ऑफिसात कसं दिसावं याचे धडे दिले. पडद्यावर अफ्रो केलेल्या स्त्रीचं चित्र आलं आणि बाईंनी सांगितलं, हे चालायचं नाही. लॉक्सवर, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या केसांवरही त्यांनी नापसंतीचा शिक्का मारला. असल्या ‘राजकीय’ केशरचना ऑफिसात नकोत, असा एकूण सूर होता. बोभाटा झाला, मासिकाने माफी मागितली, संपादिका बाहेर पडल्या. म्हणजे २००७ मध्ये जो अफ्रो कृष्णवर्णीय वकिलाच्या डोक्यावर नको होता, तो २०१५ मध्ये गोऱ्या वाचकाच्या डोक्यावर हौसेने हवा झाला. मासिकं वेगळी, पण धंदा एकच.

या दोन्ही प्रसंगांवर जे लिहून आलं त्यात ‘असंवेदनशीलता’ हा शब्द पुष्कळदा भेटतो. मला तो अपुरा वाटतो. संवेदनशीलता शिकवता येते, माफी मागता येते, पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर काळी मॉडेल छापता येते. हे सगळं करूनही सल्ला वाईटच राहू शकतो, आणि राहिला आहे. सल्ल्याचा दर्जा ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे: सल्ला देणारा ‘हे करू नका, हे विकत घेऊ नका’ असं म्हणू शकतो का? ओळखीतला वैद्य म्हणतो, आजी म्हणते, चांगली केशकर्तक म्हणते. सौंदर्यमासिकाला हे वाक्य उच्चारणं जड जातं, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांच्या बाबतीत नेमकं याच वाक्याची सर्वांत जास्त गरज होती.

आधी केसांकडे पाहू, कारण मासिकं ज्या घाईने रचनेकडे धावतात त्यात केस मागेच राहतो. घट्ट वेटोळ्यांच्या केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो, आणि त्याचं मूळ त्वचेच्या आतच वळलेलं असतं. प्रत्येक वळणावर केस कमकुवत असतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वेटोळ्यांवरून ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडा, अशी या केसाची जन्माची स्थिती. त्यात तो ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की आखडून निम्म्याहून कमी होतो. वाढत नाही असं जे वाटतं, त्यातला बराचसा भाग वाढण्याचा नसून तुटण्याचा असतो.

एवढं कळलं की सौंदर्यपानांवरचा नेहमीचा सल्ला या डोक्यावर कसा उलटतो ते लगेच दिसतं. रोज किंवा दिवसाआड शाम्पू, झोपण्यापूर्वी खूप वेळ ब्रश, वाळल्यावर विंचरा, फुगलेपण दाबायला गरम इस्त्री. यातलं एकेक वाक्य सरळ केसासाठी ठीक असेल. वेटोळ्यांच्या केसाला अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा धुवायला सांगते. प्रत्यक्षात धुण्याचा दिवस म्हणजे अर्धा दिवस जातो. केसांचे सहा-आठ भाग करून एकेक पिळून बांधायचा. एक सोडायचा, त्याला भरपूर कंडिशनर लावायचं, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा टोकापासून धरून बोटबोट वर सरकवायचा. मुळापासून खाली ओढला की संपलंच. ही माहिती गुप्त नव्हती. घराघरातल्या आयांना, मावश्यांना ती होती. राष्ट्रीय खपाच्या सौंदर्यमासिकांना मात्र तिच्यासाठी चौकट काढायला फार वेळ लागला.

आता रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रसायन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मासिकी सल्ल्याचा खरा निकाल इथे लागतो.

मूळच्या रिलॅक्सरमधला कामाचा घटक सोडियम हायड्रॉक्साइड. आपल्याकडे त्याला कॉस्टिक सोडा म्हणतात. साबण करायला आणि तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात. केसाला आकार देणारे गंधकाचे बंध तो कायमचे तोडतो. लावण्याची रीत अशी. आदल्या दिवसापासून डोकं खाजवायचं नाही, कारण नखाचा बारीक ओरखडाही उद्या पेटणार असतो. कपाळाच्या, कानांच्या, मानेच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यायचा. केसांचे चार भाग करायचे. हातमोजे घालून पांढरं क्रीम फक्त मुळाशी नव्याने उगवलेल्या केसाला लावायचं. आधी सरळ झालेल्या लांबीवर ते पुन्हा गेलं तर ती लांबी हातात येते. घड्याळ लावायचं. काही मिनिटांत चुणचुण, मग आग. या टप्प्यावर ‘अजून दोन मिनिटं थांब, नीट बसू दे’ हे वाक्य किती मुलींनी ऐकलं असेल! मग धुणं, त्यानंतर क्षार मारणारा खास शाम्पू. त्यातल्या काहींचा फेस, क्षार उरला असेल तर, गुलाबी होतो; तो पांढरा येईपर्यंत धुवत राहायचं. आणि साधारण दोन महिन्यांनी, नवे केस दिसू लागले की, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यावर मासिकांनी काय सल्ला दिला? कडेला जेली लावा, वेळ पाळा, नंतर डीप कंडिशनिंग करा. सगळं बरोबर, त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पुढे ‘नो-लाय’ म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड नसलेले रिलॅक्सर आले, तेव्हा ‘सौम्य’ हा जाहिरातीतला शब्द सल्ल्यातही उतरला. वस्तुतः त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचं द्रावण ऐन वेळी एकत्र करतात, आणि तयार होणारं मिश्रणही जबर अल्कधर्मी असतं. डोक्याला आग कमी, पण केसावर कॅल्शियमचा थर बसून तो अधिक रखरखीत. म्हणजे मग आणखी एक शाम्पू, आणखी एक कंडिशनर. सल्ला एका बाटलीकडून दुसऱ्या बाटलीकडे न्यायचा. बाटली खाली ठेव, असं म्हणायचा नाही.

हा निव्वळ अज्ञानाचा परिणाम नव्हता, हे स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टाइनमने १९९० मध्ये सविस्तर लिहून ठेवलं आहे. जाहिराती बंद करून नव्याने निघालेल्या ‘मिझ’ मासिकात तिने आतला हिशोब उघड केला. केसांच्या कलपातली रसायनं त्वचेतून शरीरात जातात का, यावर अमेरिकन संसदेत सुनावणी झाली आणि ‘मिझ’ने तिची छोटीशी बातमी दिली. वर्तमानपत्रांनीही दिली होती. पण कलप बनवणाऱ्या क्लेरॉल कंपनीचा राग निघाला तो मासिकावर. वर्तमानपत्राने बातमी दिली तर ती बातमी. स्त्रियांच्या मासिकाने दिली तर तो विश्वासघात. कारण स्त्रियांच्या मासिकाकडून अपेक्षाच ही होती, की शाम्पूच्या जाहिरातीशेजारी केस धुण्याचा लेख असावा आणि तो प्रसन्न असावा.

‘मिझ’ मुख्यतः गोऱ्या वाचकांचं. मग कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मासिकांत तरी ‘हे करू नका’ हे वाक्य लिहिता येत होतं का?

‘एबनी’ १९४५ मध्ये शिकागोत निघालं, ‘एसेन्स’ मे १९७० मध्ये न्यू यॉर्कला. या मासिकांचं ऋण लहान नाही. बाकीच्या छापील जगाला काळ्या स्त्रीचं डोकं दिसतच नव्हतं, तेव्हा यांनी ते मुखपृष्ठावर आणलं. जून १९६६ मध्ये ‘एबनी’ने नैसर्गिक केसांवर मुखपृष्ठकथा केली, तो काळ पाहता हे धाडसच. ‘एसेन्स’च्या पहिल्याच मुखपृष्ठावरची स्त्री अफ्रोत होती. पण अंक चालतो जाहिरातींवर, आणि मोठे गोरे जाहिरातदार या मासिकांकडे फारसे फिरकत नसत. हमखास येत ते केसांची उत्पादनं विकणारे. ‘एबनी’च्या मालकांची तर स्वतःचीच केशप्रसाधनं बनवणारी कंपनी होती. नैसर्गिक केसांचं कौतुक आणि केस सरळ करण्याच्या क्रीमची जाहिरात एकाच अंकात सुखाने नांदत. अशा मासिकाने रिलॅक्सरविरुद्ध मोहीम काढावी ही अपेक्षा करणं सोपं आहे. पगार देणं अवघड आहे.

त्यातही एक कडू गुंतागुंत होती. जॉर्ज जॉन्सन यांची जॉन्सन प्रॉडक्ट्स ही केशप्रसाधनांची कंपनी १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेली. कृष्णवर्णीय मालकीची ती तिथली पहिली कंपनी. तिच्या जाहिराती म्हणजे समाजाचा अभिमान. १९७५ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने याच कंपनीला तिच्या रिलॅक्सरवर धोक्याची सूचना छापायला भाग पाडलं, आणि तोच घटक वापरणाऱ्या रेव्हलॉनवर तशी सक्ती यायला जवळपास दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात काळ्या कंपनीचा डबा धोक्याचा आणि गोऱ्या कंपनीचा बिनधोक, असा देखावा उभा राहिला. अशा वेळी ‘रिलॅक्सर वाईट’ असं कृष्णवर्णीय संपादकाने लिहिणं म्हणजे आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देणं. हा पेच खरा होता. पण पेचात संपादक सापडला तरी आग सोसायची ती वाचक बाईनेच.

याच्याही आधीची कृष्णवर्णीय उद्योजिका मादाम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) इथे आठवते. तिच्यावर केस सरळ करणारी बाई असा शिक्का आहे आणि तिला स्वतःला तो आवडत नसे. तिचं मुख्य औषध गंधकाचं मलम होतं, कारण घरात नळाचं पाणी नसलेल्या काळात डोक्याची त्वचा खराब होऊन केस गळणं हे सर्रास होतं. तीही विकतच होती. मोठी व्यापारी होती. पण तिच्या विक्रेत्या बायका गिऱ्हाइकाचं डोकं स्वतःच्या हाताने धूत. खाज कुठे आहे, केस कुठे विरळ होतायत, हे बोटांना कळत होतं. मासिकाच्या पानाला बोटं नसतात. निदान प्रश्न तरी विचारता यायला हवे होते.

ते न विचारण्याची किंमत अलीकडे आकड्यांत दिसू लागली आहे. २०१२ मध्ये एका मोठ्या अभ्यासात रिलॅक्सरचा वापर आणि गर्भाशयातल्या गाठी यांचा संबंध दिसला. २०१८ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ संस्थेने काळ्या स्त्रिया वापरतात अशी १८ केशप्रसाधनं तपासली. त्यांत संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी किंवा दम्याशी संबंध असलेली ४५ रसायनं सापडली, आणि सापडलेल्यांपैकी ८४ टक्के लेबलवर नव्हतीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सिस्टर स्टडी’ या अमेरिकन आरोग्य-अभ्यासाचे निष्कर्ष आले. ३३,४९७ स्त्रिया, जवळपास अकरा वर्षांचा पाठपुरावा. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांना ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. हे अभ्यासकांनीही सांगितलं आहे. धोका वंशानुसार वेगळा दिसला नाही. पण ही रसायनं वापरणाऱ्या स्त्रियांत कृष्णवर्णीय सुमारे ६० टक्के होत्या. आता मासिकांनीही यावर लेख छापले. डबे कित्येक दशकं विकून झाल्यावर.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे, कारण ‘करू नका’ हे वाक्यही आंधळेपणाने म्हणता येतं. डोक्याच्या मध्यावरून सुरू होऊन बाहेर पसरणारं, व्रण ठेवणारं एक टक्कल कृष्णवर्णीय स्त्रियांत आढळतं. १९६८ मध्ये एका शोधनिबंधाने त्याला गरम कंगव्याचं टक्कल ठरवलं, आणि पुढे कित्येक वर्षं रोगी बाईलाच दोष मिळत राहिला: तूच भाजून घेतलंस. २०१९ मध्ये काही रुग्णांत एका जनुकातला बदल सापडला. म्हणजे नुसता कंगवा दोषी नव्हता. तेव्हा मासिकाने डॉक्टरचं नाव पुढे केलं की सल्ला आपोआप चांगला होतो, असंही नाही. घट्ट वेण्यांनी कपाळाच्या कडेचे केस जातात, हे मात्र पक्कं आहे. वेणी घालताना दुखलं तर ती घट्ट आहे, ती सैल करा. कडेला पुळ्या आल्या तर सोडा. दोन वाक्यं. सौंदर्यपानांवर त्याऐवजी बहुधा विरळ कडा झाकणारी पावडर भेटते.

इथे आपला संबंध येतो, आणि तो फार कमी वाचकांच्या लक्षात असतो. दाट वीव्ह म्हणजे घट्ट वेण्यांवर शिवलेले परके केस. त्यातल्या महागड्या मालावर ‘इंडियन’ असा शिक्का असतो. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला जाऊन नवस फेडणाऱ्या आपल्या बायाबापड्या जे केस देवाला वाहतात, त्यांचा देवस्थान लिलाव करतं आणि तो माल पुढे परदेशी जातो. अमेरिकन विनोदवीर क्रिस रॉकने २००९ च्या ‘गुड हेअर’ माहितीपटात ही साखळी पडद्यावर आणली. खरेदी-मार्गदर्शकात केसांची प्रत, चमक, टिकाऊपणा असतो. देणाऱ्या बाईला काय मिळालं हे नसतं, आणि घेणाऱ्या बाईच्या डोक्याच्या त्वचेला महिनोन्‌महिने शिवणीखाली काय सोसावं लागेल, हेही क्वचितच.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वारं बदललं. रिलॅक्सरचा खप घसरला, नैसर्गिक केस ठेवणाऱ्या वाढल्या. मासिकांनीही सूर बदलला. १ ते ४ आकडे आणि अक्षरं लावून केसांचे प्रकार सांगणारा तक्ता आता जिथे तिथे छापलेला असतो. तो ज्या आंद्रे वॉकरच्या वर्गीकरणावरून आला, त्या ओप्राच्या केशरचनाकाराने २०११ मध्ये ‘एल’ मासिकाशी बोलताना सांगितलं होतं, की आपला नैसर्गिक पोत स्वीकारा असं मी सगळ्यांनाच सांगतो, अपवाद फक्त घट्ट कुरळ्या केसांचा, ते मात्र रिलॅक्स करावेत. तक्त्याच्या तळाशी कोणाला बसवलं आहे, ते यावरून कळावं. आणि तक्ता आला तशी प्रत्येक खान्याला वेगळी बरणी आली. आधी लावायचं, वर लावायचं, ओलावा आणणारं, तो कोंडणारं, झोपताना लावायचं. वर्षानुवर्षं ‘केस सरळ करा, त्यासाठी हे घ्या’ असं ऐकलेल्या बाईला आता ‘स्वतःवर प्रेम करा, त्यासाठी हे घ्या’ असं ऐकवतात. ‘एसेन्स’ची मालकी मध्यंतरी टाइम कंपनीकडे गेली होती, २०१८ मध्ये ती पुन्हा कृष्णवर्णीय माणसाकडे आली याचा आनंद साजरा झाला. नवे मालक रिशेल्यू डेनिस हे ‘शिया मॉइश्चर’ या केशप्रसाधनांच्या कंपनीचे संस्थापक. या मासिकाने केसांच्या बरण्यांविषयी काय लिहायचं?

यावर हमखास उत्तर येतं: सौंदर्यमासिक म्हणजे काही वैद्यकीय नियतकालिक नव्हे, बाई ते विरंगुळा म्हणून चाळते. मान्य. पण मग ‘तज्ज्ञांचा सल्ला’ ही पाटी उतरवा. आणि विरंगुळा म्हणावा तर गोऱ्या वाचकाचा आणि काळ्या वाचकाचा विरंगुळा सारखा नसतो. अमेरिकेत केसांमुळे नोकरी नाकारल्याचे खटले झाले आहेत. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. ज्या देशात डोक्यावरच्या वेण्या कायद्याने वाचवाव्या लागतात, तिथे ऑफिसात कसं दिसावं याचा मासिकी सल्ला हा निव्वळ फावल्या वेळचा मामला उरत नाही.

दुसरं उत्तर: संपादक मंडळात काळ्या बायका घ्या, प्रश्न सुटेल. घ्याव्यात, आणखी घ्याव्यात. कृष्णवर्णीय संपादक एलेन वेल्टरॉथ ‘टीन व्होग’ मासिकात आल्यावर सौंदर्यपानांचा पोत बदलला हे उघड आहे. पण ‘एसेन्स’च्या संपादक तर सुरुवातीपासून काळ्याच होत्या. खुर्चीवर कोण बसलं आहे याने प्रश्न कळतो. उत्तर छापता येईल की नाही, हे जाहिरात विभाग ठरवतो.

म्हणून संपादकांकडे मागणी साध्या तीन गोष्टींची करावी. केसांच्या सल्ल्याखाली त्या उत्पादकाची जाहिरात अंकात आहे का, ते छापा. रसायन सुचवलंत तर त्याचा धोका त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरात छापा. आणि दर अंकात निदान एक वस्तू अशी सांगा जी वाचकाने घेऊ नये. न्यू यॉर्क राज्याने २०२३ मध्ये कायदा करून केशकर्तनाच्या विद्यार्थ्यांना कुरळ्या, वेटोळ्यांच्या केसांचं शिक्षण सक्तीचं केलं. त्याच राज्यातल्या न्यू यॉर्क शहरात देशातली बहुतेक मोठी सौंदर्यमासिकं निघतात. तिथे लिहिणाऱ्यांवर अशी कुठलीच अट नाही.